वर्दीत असतानाच पदवी

कशेळीच्या पुलावरून भिवंडीच्या अंगाला उतरलं की गोदामं सुरू होतात. (राजापूर तालुक्यातली कनकादित्याची कशेळी ती वेगळी, ही ठाणे-भिवंडी रस्त्यावरची, खाडीकाठची.) पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूर, माणकोली. जिथे कालपर्यंत भातखाचरं होती तिथे पत्र्याच्या उंच शेड आहेत, आणि प्रत्येक शेडच्या गेटवर खुर्ची टाकून एक माणूस बसलेला आहे. त्यातले बरेचजण फौजेतून आलेले असतात. बसण्याच्या ताठपणावरूनच ते कळतं.

अशाच एका गेटवर आमचे मेजर बसतात. हुद्द्याने ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण फौजेतून आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. त्यांची नोंदवही बघत राहावी अशी आहे. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, सील नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. संध्याकाळच्या पावणेसहाला ते '१७४५' लिहितात, आणि पानभर एकही आकडा खोडलेला सापडत नाही. फौजेतल्या सतरा वर्षांपैकी निम्म्याहून जास्त काळ त्यांनी युनिटचं स्टोअर सांभाळलं. बुटांपासून जनरेटरच्या सुट्या भागांपर्यंत सगळ्याचं लेजर त्यांच्याकडे असायचं, आणि मोजदादीला एखादी वस्तू कमी भरली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागायचं.

गेटच्या आत आज हेच काम चालतं. माल आला, मोजला, रॅकवर लावला, निघाला. पण ते काम बघणारा सुपरवायझर पंचविशीतला बी.कॉम. पोरगा आहे आणि मेजर गेटवर आहेत. पोरगा चांगला आहे, अडलं की "काका, हे कसं लावू?" म्हणून मेजरनाच विचारायला येतो. मग उलटापालट कशी झाली? नोकरीच्या अर्जात 'पदवी' असा एक रकाना होता आणि मेजरना तो कोरा सोडावा लागला, एवढंच.

हा रकाना फौजेत असतानाच भरता येतो. कसा, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आता चार वर्षांत घरी परतणारी अग्निवीरांची पिढी आली आहे आणि तिच्या हातात वेळ फार थोडा आहे.

'पदवीसमान' म्हणजे पदवी नव्हे

आधी एक गैरसमज. मेजरांकडे एक दाखला आहे, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला. दहावी झालेल्या आणि किमान १५ वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट 'क' मधल्या, पदवी मागणाऱ्या काही पदांसाठी पात्र धरावं, असा नियम आहे. त्या आधारावर मिळणाऱ्या दाखल्याला लोक 'ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट' म्हणतात, आणि तिथेच फसतात.

हा दाखला म्हणजे एका विशिष्ट दारावर चालणारा पास आहे. त्या दारातून तो आत सोडतो. पण त्यावर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही, आणि भिवंडीतल्या खासगी गोदामाच्या मालकावर तो मान्य करण्याचं कसलंही बंधन नाही. शिवाय त्याची अट १५ वर्षांची. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरासाठी हे दार मुळात उघडतच नाही. त्यामुळे जुन्या फौजींचा "निघताना सर्टिफिकेट मिळतंच की" हा दिलासा नव्या मुलांनी मनावर घेऊ नये.

बिनलेबलाचा माल

आता मूळ यंत्रणा बघू. गोदामात एखादा खोका आला आणि त्यावर लेबल नसेल तर काय होतं? खोक्यात सोनं असलं तरी तो रॅकवर चढत नाही, कोपऱ्यात पडून राहतो. संगणकाच्या लेखी तो आलेलाच नसतो. लेबल चिकटलं, स्कॅन झालं, की तोच खोका हिशेबात येतो.

फौजीचं ज्ञान हा असा बिनलेबलाचा माल आहे. नकाशा वाचणं, वायरलेस चालवणं, इंजिन उघडून परत जोडणं, चाळीस माणसांचं रेशन काढणं, हे सगळं तो शिकतो, रोज वापरतो, पण विद्यापीठाच्या वहीत त्याची नोंद नसते. ती नोंद ज्या मापाने होते त्याला क्रेडिट म्हणतात. मराठीत 'श्रेयांक' असा शब्द आहे, पण बोलताना सगळे क्रेडिटच म्हणतात.

एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. यात वाचन आलं, लिखाण आलं, सराव आला, तास ऐकणंही आलं. नव्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १,२०० तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, म्हणजे ३,६०० तास. एवढे तास अभ्यासाच्या नावावर जमा झाले आणि परीक्षेत उतरले की पदवी.

हे क्रेडिट जमा होण्यासाठी २०२१ पासून एक राष्ट्रीय खातं आहे, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. पासबुकासारखंच. एका विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट त्यात पडून राहतात आणि नियमात बसत असेल तर दुसऱ्या विद्यापीठाच्या पदवीसाठी वापरता येतात. सर्वसाधारणपणे सात वर्षं ते शिल्लक धरले जातात. बदली होणाऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. पूर्वी दुसऱ्या वर्षात शिक्षण सुटलं की हातात काहीच उरत नसे.

शिपाईगिरीच्या शिक्षणाला कॉलेजच्या मापाने मोजायची कल्पना आपली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेने विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये सैनिकांसाठी पत्रद्वारे शिकवणारी संस्था काढली. १९४४ च्या जीआय बिलाने परतलेल्या सैनिकांच्या कॉलेजचा खर्च सरकारने उचलला. आणि त्याच सुमारास तिथल्या शिक्षण परिषदेने लष्करी प्रशिक्षणाला कॉलेजचे किती क्रेडिट द्यावेत हे ठरवायला सुरुवात केली. आपल्याकडे पत्रद्वारे पदवी दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये सुरू केली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ चं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. इग्नू आणि भूदलाने २००९ मध्ये 'ज्ञानदीप' नावाने लष्करी प्रशिक्षणाला क्रेडिट देण्याचा करारही केला होता. म्हणजे विचार जुनाच आहे, सगळ्या फौजेला पुरेल एवढी व्यवस्था मात्र उशिरा उभी राहिली.

पंगत आणि डबा

नेहमीचं कॉलेज म्हणजे पंगत. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, सगळ्यांनी एकत्र बसायचं. उशीर झाला तर उपाशी. फौजीला ही पंगत कधीच साधत नाही. आज तो बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात असतो, उद्या सीमेवर.

दूरशिक्षण म्हणजे डबा. जेवण तेच, पण तुमच्यापर्यंत येतं आणि सवड मिळेल तेव्हा खाता येतं. छापील पुस्तकं टपालाने येतात, इग्नूत त्यांना 'ब्लॉक' म्हणतात. ठिकाणाचा पत्ता दिलेला नसला तरी ती पोचतात, कारण फौजेचं टपाल स्वतःचं आहे. पाकिटावर युनिटचं नाव आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढंच असतं. ५६ चं टपाल दिल्लीच्या मध्यवर्ती लष्करी टपाल कार्यालयात जातं, ९९ चं कोलकात्याच्या, आणि युनिट आज कुठे आहे हे तिथे माहीत असतं. पुस्तकाच्या गठ्ठ्याला जवानाचा ठिकाणा कळत नाही, तरी गठ्ठा जवानापर्यंत जातो. मला ही व्यवस्था फार आवडते.

ऑनलाइन पदवी आणखी वेगळी. तिथे व्हिडिओवरची व्याख्यानं, पडद्यावरचा मजकूर, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायची जागा, असे चार भाग असतात. विद्यार्थ्याने किती सहभाग घेतला हे मोजलं जातं आणि परीक्षेला बसण्यासाठी तो पुरेसा असावा लागतो.

इथे मी माझं मत स्पष्ट सांगते. 'ऑनलाइन' शब्द ऐकून मुलं लगेच तिकडे धावतात, पण सगळ्याच फौजींना ते सोयीचं नाही. देवळाली किंवा पुण्यासारख्या शांत ठिकाणी पोस्टिंग असेल, रोज फोन हातात मिळत असेल, तर ऑनलाइन उत्तम. बर्फात सहा महिने रस्ता बंद होणारी चौकी असेल किंवा महिनोन्‌महिने समुद्रात असणारं जहाज असेल, तर नेटवर्कच्या भरवशावर पदवी ठेवू नये. तिथे कागदाचा ब्लॉक आणि बॅटरी हेच खरे सोबती. कागदाला रेंज लागत नाही.

मराठी मुलांसाठी मात्र एक पेच आहे. इग्नूचं साहित्य मुख्यतः हिंदी आणि इंग्रजीत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए., बी.कॉम. मराठीतून करता येतं, आणि ज्याची दहावी-बारावी मराठीतून झाली त्याला हा किती मोठा दिलासा आहे हे वेगळं सांगायला नको. पण दूरशिक्षणात राज्याच्या विद्यापीठाला सर्वसाधारणपणे राज्याच्या हद्दीत राहावं लागतं. ऑनलाइन अभ्यासक्रमाला ही हद्द नसते. त्यामुळे पंजाबात असलेल्या जवानाने मराठी विद्यापीठात नाव घालण्याआधी आपली अभ्यासकेंद्राची आणि परीक्षेची सोय कुठे होणार हे लेखी विचारून घ्यावं.

लावणी की परीक्षा

इग्नूच्या पद्धतीत बहुतेक विषयांना ३० टक्के गुण स्वाध्यायाचे आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेचे. स्वाध्याय म्हणजे घरी लिहून जमा करायची उत्तरं. रात्रपाळी संपल्यावर बराकीत बसून ती लिहिता येतात, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गुण परीक्षेच्या दालनात पाऊल ठेवण्याआधीच ठरतात. स्वाध्याय टाळणारे फौजी इथेच हातचं घालवतात.

परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. अर्ज भरताना देशातलं कोणतंही सोयीचं केंद्र निवडता येतं. प्रवेश पुण्यात आणि पेपर जम्मूत, असंही चालतं. राहिलेला विषय पुढच्या वेळी देता येतो. तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत असते. नेमक्या परीक्षेच्या आठवड्यात युनिट हललं तरी वर्ष बुडत नाही, विषय तेवढा पुढे सरकतो.

पण फौजीची सुट्टी हा मोजका माल आहे. नियमित जवानाची वर्षाची साठ दिवसांची रजा आणि वरची किरकोळ रजा, अग्निवीराची त्याहून कमी. तीत घरचं लग्न, आईचं ऑपरेशन, गणपती आणि शेती हे सगळं बसवायचं. आमच्या बाजूच्या आगरी घरांत अजून कुठेकुठे खाचरं शिल्लक आहेत. जूनमध्ये पाऊस लागतो, पेरणी होते, मग लावणी. घरचे फोन करतात, "या महिन्यात ये." म्हणून मी कशेळीच्या मुलांना सुचवते: जड विषय डिसेंबरला ठेव, जूनला एखाददुसराच दे. हा सल्ला कुठल्याही माहितीपुस्तिकेत नाही, पण पदव्या अर्धवट राहतात त्या बहुतेक अशाच कारणांनी.

फौजेसाठी इग्नूने वेगळी प्रादेशिक केंद्रं मान्य केलेली आहेत. भूदलाचं एक पुण्यात आहे, नौदलाचं एक मुंबईत. या केंद्रांना बदली, रजा, युनिटची परवानगी या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. युनिटमध्ये शिक्षण कोअरचा प्रशिक्षक असतो, पचमढीला तयार झालेला. नकाशावाचन शिकवणारा हाच माणूस अर्ज भरायलाही मदत करतो. प्रवेशाआधी वरिष्ठांची परवानगी घ्यायची ती त्याच्यामार्फत घेतली की पुढचं सोपं जातं.

अग्निवीर : साठ इकडून, साठ तिकडून

१४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी शिक्षण मंत्रालयाने अग्निवीरांसाठी इग्नूच्या वेगळ्या पदवीची घोषणा केली. तिची रचना अशी: पदवीला लागणाऱ्या क्रेडिटपैकी निम्मे फौजेतल्या कौशल्य-प्रशिक्षणातून, तांत्रिक आणि अतांत्रिक दोन्ही. उरलेले निम्मे इग्नूच्या विषयांतून: भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य, लोकप्रशासन, पर्यटन, शेती असे पर्याय. पर्यावरण आणि इंग्रजी संवाद हेही त्यात येतात. १२० पैकी ६० क्रेडिटवर फौजच लेबल लावून देते, असं म्हणा.

बाकीच्या ६० चा हिशेब करून बघा. ६० गुणिले ३०, म्हणजे १,८०० तास. चार वर्षांच्या २०८ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साडेआठ-नऊ तास. पण पहिले सहा-सात महिने कडक प्रशिक्षण असतं, तेव्हा डोळे उघडे राहिले तरी खूप. रजा आणि सरावशिबिरं वजा करून तीन वर्षं हाती धरली तर रोज दीड-पावणेदोन तास पडतात. हे जमण्यासारखं आहे. मात्र चौथ्या वर्षी जागा होणाऱ्याला ते जमणार नाही, कारण तेव्हा रोजचे पाच तास लागतील.

या रचनेत मधल्या पायऱ्याही आहेत. पहिल्या वर्षाचे विषय झाले की प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाचे झाले की पदविका, तिन्ही झाले की पदवी. दहावीनंतर भरती झालेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून बारावीचीही वेगळी सोय आहे. बारावी नसेल तर सुरुवात तिथूनच करायची. मधली पायरी गाळून थेट पदवीच्या मागे लागू नये.

ही योजना बरी की वाईट, चार वर्षं पुरेशी की अपुरी, यावर घरोघरी वाद आहेत आणि ते व्हायलाही हवेत. पण चारातल्या साधारण तिघांना परत यायचं आहे, आणि जो परत येतो त्याच्या हाती पदवी असावी याबद्दल तरी दुमत नसावं.

| चौकट : पैसे भरण्याआधी |
|---|
| विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम, त्याच वर्षासाठी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का हे स्वतः बघा. आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, पण मान्यता असेल तरच. |
| अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांची पदवी या मार्गाने मिळत नाही. कोणी देतो म्हणाला तर तिथून उठा. |
| क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक आणि आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक प्रवेशाआधी काढावा लागतो. दोन्हींवर आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. |
| प्रत्येक कोर्सचा दाखला, भाग दोन ऑर्डरमधली (युनिटच्या सेवानोंदीच्या आदेशातली) नोंद, स्वाध्याय दिल्याची पोच: फोटो काढून घरीही पाठवा. बदलीत पेटी हरवते. |

एका बैठकीतली पदवी

आमच्या नात्यातल्या एका नाईकाने सुट्टीवर असताना एका एजंटला पैसे दिले. "फौजी लोकांसाठी स्पेशल, तीन वर्षांचे पेपर एका बैठकीत." मार्कशीट आली, गुळगुळीत कागदाची, सोनेरी शिक्क्याची. निवृत्तीनंतर एका ठिकाणी निवड झाली, कागद पडताळणीला गेले आणि त्या नावाची नोंदच निघाली नाही. नोकरी गेलीच, पण वीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोकांनी जीव ठेवला त्या माणसाला खोटे कागद दिल्याचा ठपका सोसावा लागला. तो पुढे कित्येक महिने गावात कुणाशी बोलला नाही.

क्रेडिटची पद्धत समजलेला माणूस अशा ठिकाणी फसत नाही. ३,६०० तास एका बैठकीत बसत नाहीत, एवढं गणित पुरेसं आहे. एजंट ज्या गोष्टीचे पैसे घेतात त्यातला खरा भाग, म्हणजे अर्ज भरणं, युनिटमध्ये फुकट होतो.

उशीर झालेल्यांसाठीही दार बंद नाही. इग्नूत पदवीला वयाची वरची मर्यादा नाही. निवृत्तीच्या आधी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स मिळतात, त्यात गोदाम आणि मालवाहतुकीसारखे विषय असले तर कशेळी-काल्हेरच्या माणसाने ते आधी घ्यावेत. पण कोर्स आणि पदवी यात निवड करायची वेळ येऊ देऊ नये. कोर्स शेवटच्या वर्षात होतो, पदवी त्याच्या कितीतरी आधी सुरू करता येते.

मेजरांचा भाचा गेल्या भरतीत अग्निवीर म्हणून गेला. परवा मी गेटवर थांबले तेव्हा ट्रकची रांग नव्हती. मेजरांनी नोंदवही उलटी करून शेवटचं पान दाखवलं. तिथे त्याच ठसठशीत अक्षरात भाच्याचा एनरोलमेंट नंबर होता, खाली चार विषयांची नावं, स्वाध्याय पाठवायची तारीख आणि परीक्षेचा अर्ज बंद होण्याची तारीख. दर रविवारी फोन आला की ते आधी हे पान उघडतात. दोन विषयांपुढे बरोबरची खूण होती. तिसऱ्यापुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "ब्लॉक ३ पोचला नाही, परत विचारणे", आणि शेजारी वेळ : २०१५.